तिबेटची पाचक गोळी आणि त्रिरश्मीचा औषधनिधी

हिवाळा लागला की महाराष्ट्रातल्या शहराशहरांतून तिबेटी लोक स्वेटरची दुकाने लावतात. आपली माणसे तिथे स्वेटर घेतात, भावावरून घासाघीस करतात आणि बोलता बोलता त्यांच्या औषधांचीही चौकशी करतात. जेवलं की गुबारा धरतो, अन्न वर येतं, पोट साफ होत नाही, यावर तिबेटी गोळी फार चांगली, असे कुणीतरी कुणाला सांगितलेले असते. मग ती गोळी म्हणजे हिमालयातले काहीतरी गुपित, लामांनी मंतरलेले, अशी समजूत पसरते. आम्ही गिरणीत घाम गाळलेली माणसे, वैद्य नव्हे की पंडित नव्हे. पण या गोळीचा माग काढत गेलो तर तो थेट आपल्या नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांच्या दगडाशी येऊन भिडतो, म्हणून विहाराच्या या स्मरणिकेत तो लिहून ठेवावा असे आम्हाला वाटले.

आधी गोळीत काय आहे ते बघू. तिबेटी वैद्य पचनाच्या तक्रारीवर जी औषधे देतात त्यांतले एक फार जुने आणि साधे औषध म्हणजे 'सेन्दू ङापा'. सेन्दू म्हणजे डाळिंब आणि ङा म्हणजे पाच. (हा 'ङ' आपण शाळेत मुळाक्षरांत घोकतो आणि पुन्हा जन्मात वापरत नाही, तिबेटी माणसाला तो पाच म्हणताना रोज लागतो.) डाळिंब मुख्य असलेले पाच वस्तूंचे औषध, एवढाच त्या नावाचा अर्थ. डाळिंबाचे वाळलेले दाणे, दालचिनी, वेलदोडा आणि पिंपळी या चार वस्तू. पाचवी वस्तू कुठे करडईचे फूल असते, तर कुठे कुळिंजन. डाळिंबाचा भाग सगळ्यांत मोठा. झालं औषध.

आता बघा, यातली कुठली वस्तू आपल्याला परकी आहे? डाळिंब तर आपल्या जिल्ह्याचे पीक. सटाणा, मालेगाव, देवळा, कळवण भागातल्या शेतकऱ्याने या फळावर संसार उभे केले आणि तेल्या रोग आला तेव्हा बागा उपटून फेकल्याही. वेलदोडा आणि दालचिनी सह्याद्रीच्या दक्षिण अंगाची. पिंपळी कोकणात आणि घाटात होते. ल्हासाच्या थंड, उंच पठारावर ना डाळिंब पिकत, ना पिंपळी, ना वेलदोडा. ज्या देशात औषधाच्या मुख्य वस्तूच होत नाहीत, त्या देशाने त्या वस्तूंचे औषध कशाला बसवावे? उत्तर भाषेतच सापडते. तिबेटीत पिंपळीला 'पिपिलिङ' म्हणतात. हा आपला पिप्पली शब्दच आहे. वस्तू गेली, तिच्याबरोबर नाव गेले आणि नावाबरोबर ज्ञान गेले.

ज्ञान काय, तेही थोडक्यात सांगतो. तिबेटी वैद्यक पोटातल्या अग्नीला 'मे-द्रोद' म्हणते. मे म्हणजे अग्नी, द्रोद म्हणजे ऊब. पोट हे चुलीवरचे भांडे समजा. एक कफ अन्न भिजवून मऊ करतो, एक पित्त ते शिजवते, एक वारा फुंकर घालून अग्नी पेटता ठेवतो आणि शिजलेल्यातले सार व चोथा वेगळा करतो. आपल्याकडच्या ग्रंथांत यांनाच क्लेदक कफ, पाचक पित्त आणि समान वायू म्हटले आहे. गार, जड, शिळे खाऊन अग्नी मंदावला की अन्न कच्चे राहते आणि पुढच्या तक्रारी सुरू होतात. त्यावर डाळिंब आणि पिंपळीसारख्या ऊब देणाऱ्या वस्तू. म्हणजे हे औषध थंडीने मंदावलेल्या पोटाचे आहे. छातीत जळजळ होते, आंबट ढेकर येतात, पित्त खवळले आहे, अशा माणसाला जाणता तिबेटी वैद्यसुद्धा ते देत नाही. आपल्या पेठेत मात्र सगळ्याच पोटाला एकच पुडी खपवतात. तिबेटात औषधावर मंत्र म्हणायची रीत आहे, ती आम्ही लपवत नाही, पण पोटात जाते ते डाळिंब आणि पिंपळी.

हे ज्ञान तिकडे नेले कुणी, आणि त्याआधी ते सांभाळले कुणी? इथे विनयपिटकाकडे यावे लागते. विनयपिटक म्हणजे भिक्खूंच्या नियमांचा ग्रंथ. पण त्याच्या महावग्गात 'भेसज्जक्खंधक' नावाचा अख्खा भाग औषधांना दिलेला आहे, आणि त्याची सुरुवातच पोटाच्या आजाराने होते. श्रावस्तीत शरद ऋतूत साथ आली. भिक्खूंनी पेज घेतली तरी उलटून पडे, भात खाल्ला तरी उलटून पडे. अंगावरच्या शिरा दिसू लागल्या, रंग उतरला. तेव्हा तथागतांनी पाच औषधांची अनुज्ञा दिली : तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी. भिक्खूला दुपारनंतर जेवायचे नाही हा नियम. पण आजाऱ्याला ही औषधे केव्हाही घेता येतील असे ठरले, आणि ती सात दिवसांपर्यंत जवळ ठेवता येतील अशी मर्यादा घातली. साठेबाजी नको आणि आजाऱ्याचे हालही नकोत.

पुढे मुळांची यादी येते. हळद, आले, वेखंड, अतिविष, कुटकी, वाळा, नागरमोथा. मग फळांची : वावडिंग, पिंपळी, मिरे, हिरडा, बेहडा, आवळा. मग पाच प्रकारची मिठे. या वाळलेल्या वस्तू पोट भरण्यासाठी नाहीत, औषधासाठी आहेत, म्हणून त्या भिक्खूने जन्मभर जवळ ठेवल्या तरी चालतील असा नियम झाला. हा नियम फार महत्त्वाचा आहे, बरं का. त्यामुळे पायी फिरणाऱ्या भिक्खूच्या झोळीत हिरड्या-पिंपळीची पुरचुंडी कायमची आली, आणि भिक्खू जिथे जाईल तिथे ती जाऊ लागली.

आता ही यादी आपल्या घराशी ताडून बघा. आमच्या आया-आज्या सहाणेवर बाळघुटी उगाळायच्या. हिरड्याचे इतके वेढे, वेखंडाचा एकच, अतिविषाचे दोन, मुरडशेंग, पिंपळी, सुंठ, जायफळ. त्या बायांना ना पाली येत होती ना संस्कृत. बहुतेकींना सहीसुद्धा येत नव्हती. पण विनयातली निम्मी यादी त्यांच्या फडक्याच्या गाठीत होती. त्र्यंबकच्या रस्त्याला आजही जडीबुटी मांडून बसणारे दिसतात, त्यांच्या पथारीवर हिरडा, बेहडा, वावडिंग, नागरमोथा असतोच. त्याच रस्त्याने लोक नारायण नागबळीला आणि कालसर्पाच्या शांतीला जात असतात. दुखणे उठेना म्हणून येणारेही त्यांत असतात. ज्याची त्याची श्रद्धा. आम्ही फक्त एवढेच दाखवतो, की दुखण्यावर उपाय काय, याचे तथागतांचे उत्तर मूळ, फळ, मीठ, तेल आणि शुश्रूषा हे होते.

शुश्रूषेची ती गोष्ट तर प्रत्येक विहारात सांगितली पाहिजे. एका भिक्खूला हगवण लागली होती. तो स्वतःच्याच घाणीत पडून होता. तथागत आनंदाला घेऊन विहार बघत फिरत असताना तिथे आले. त्यांनी विचारले, तुझी काळजी कुणी घेत नाही का? कुणी नाही. का नाही? तर म्हणे, मी भिक्खूंच्या काही उपयोगाचा नाही. मग आनंदाने पाणी आणले, तथागतांनी ते ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले, आणि एकाने डोक्याकडून, एकाने पायाकडून धरून त्याला खाटेवर निजवले. त्यानंतर संघाला बोलावून सांगितले, की तुम्हाला इथे आई नाही, बाप नाही, तुम्हीच एकमेकांचे केले नाही तर कोण करणार? ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने आजाऱ्याची सेवा करावी. आजाऱ्याजवळ बसणारा माणूस कसा असावा तेही सांगितले : औषध तयार करता येणारा, पथ्य काय आणि कुपथ्य काय हे जाणणारा, लोभाने नव्हे तर मैत्रीने करणारा, मलमूत्राची आणि ओकारीची किळस न करणारा, धीराचे चार शब्द बोलणारा. 'उपयोगाचा नाही' हे शब्द कामगाराच्या कानाला ओळखीचे आहेत. अंग चालते तोवर नंबर, अंग थकले की फाटकाबाहेर.

आता लेण्यांकडे. त्र्यंबकहून तीसेक किलोमीटरवर, मुंबई-आग्रा रस्त्यालगत, लोक ज्याला पांडवलेणी म्हणतात तो त्रिरश्मी पर्वत. शिलालेखांत त्याचे प्राकृत नाव 'तिरण्हु' आहे. पांडवांचा तिथे काही संबंध नाही, तो लेण्यांचा विहार आहे हे शिलालेखांनीच सिद्ध झाले. भगवानलाल इंद्रजींनी १८८३ च्या नाशिक गॅझेटियरसाठी हे लेख वाचले, पुढे फ्रेंच पंडित सेनार यांनी पुन्हा वाचून छापले.

दहाव्या लेण्याच्या अंगणात डाव्या भिंतीवर एक लेख आहे. आभीर राजा ईश्वरसेन याच्या राज्याच्या नवव्या वर्षी, उन्हाळ्याच्या चौथ्या पक्षातल्या तेराव्या दिवशी तो कोरला. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातली ही गोष्ट. दान देणारी आहे विष्णुदत्ता नावाची उपासिका. ती स्वतःला शकनिका म्हणवते, म्हणजे शक कुळातली बाई. शक अग्निवर्म्याची मुलगी, गणपक रेभिलाची बायको, गणपक विश्ववर्म्याची आई. तिने काय केले? त्रिरश्मी पर्वतावरच्या विहारात राहणाऱ्या, चारी दिशांहून येणाऱ्या भिक्खुसंघासाठी 'गिलानभेषज' म्हणजे आजाऱ्यांचे औषध, यासाठी 'अक्षयनीवि' ठेवली. अक्षयनीवि म्हणजे मुद्दलाला हात न लावता फक्त व्याज खर्चायचे अशी कायम ठेव. सर्व प्राणिमात्रांच्या हितसुखासाठी ही ठेव आहे असे लेखातच म्हटले आहे.

आणि पैसे ठेवले कुणाजवळ? कारागिरांच्या श्रेणींजवळ! श्रेणी म्हणजे त्या काळची कामकऱ्यांची संघटना. कुलरिक, म्हणजे बहुधा कुंभार. ओदयंत्रिक, म्हणजे पाण्याची यंत्रे करणारे. तिलपिषक, म्हणजे तीळ गाळणारे तेली. दगड फुटल्यामुळे काही अक्षरे गेली आहेत, पण एवढे स्पष्ट वाचता येते. तेलाचे नाव तर महावग्गातल्या पाच औषधांतच आहे. म्हणजे एका परक्या कुळातल्या बाईने दान दिले, आपल्या नाशकातल्या कुंभाराने, तेल्याने, पाण्याची यंत्रे करणाऱ्या मिस्त्रीने ते आपल्या धंद्यात फिरवले, आणि त्याच्या व्याजावर कुठून कुठून आलेल्या आजारी भिक्खूच्या औषधाची सोय झाली. असा लेख नाशकात असताना आमची मुले पिकनिकला जाऊन तिथे फोटो काढून येतात, याचे वाईट वाटते.

हा व्यवहार हवेतला नव्हता. त्याच लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा बेचाळिसाव्या वर्षाचा लेख आहे. त्याने ३००० कार्षापण गोवर्धनच्या, म्हणजे आजच्या गंगापूर-गोवर्धनकडच्या, विणकरांच्या दोन श्रेणींत ठेवले. एका श्रेणीत २०००, दरमहा शेकडा १ व्याजाने. दुसरीत १०००, शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या ठेवीतून वर्षावासातल्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे. आम्ही पगाराच्या चिठ्ठीचा हिशेब तपासतो तसा हा तपासला. २००० वर महिन्याला २०, वर्षाला २४०. वीस माणसे गुणिले बारा, २४०. पैशापैचा मेळ बसतो. (उषवदाताने ब्राह्मणांनाही पुष्कळ दाने दिली, तेही तिथेच कोरलेले आहे, ते झाकून ठेवायचे कारण नाही.) सूत-माग चालवणाऱ्यांच्या हातात संघाचे चीवर आणि कुंभार-तेल्यांच्या हातात संघाचे औषध, असा तो काळ होता.

सेन्दू ङापाच त्रिरश्मीत वाटत होते असे आम्ही म्हणत नाही. लेखात औषधांची नावे नाहीत. पण भिक्खूंजवळ काय असायचे ते विनय सांगतो आणि त्याचा खर्च कोण चालवत होते ते हा दगड सांगतो.

याच्याशेजारी दुसरी बाजूही ठेवू. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात वैद्याचे अन्न पुवासारखे मानले आहे आणि तिसऱ्यात त्याला श्राद्धाच्या पंगतीतून वर्ज्य केले आहे. सगळ्यांच्या अंगाला हात लावणारा, रक्त-पू पाहणारा म्हणून तो अपवित्र. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला बाबासाहेबांच्या सत्याग्रहात या ग्रंथाची होळी झाली ती आपल्या माणुसकीसाठी. वैद्यकीवरही त्याने असा शिक्का मारला होता हे फार थोड्यांना ठाऊक असते. चरक-सुश्रुताचे श्रेय कुणाचे काढून घ्यायचे नाही. पण ओकारी-हगवणीची किळस करू नये हा ज्या संघाचा नियम, त्याच्या आश्रयाला ही विद्या वाढली यात नवल नाही. नालंदेत चिकित्साविद्या शिकवत होते. सातव्या शतकात इत्सिंग तिथे दहाएक वर्षे राहिला आणि त्याने लिहून ठेवले, की इथले भिक्खू पोट बिघडले की पहिल्यांदा लंघन करतात.

इसवी सनाच्या सहाव्या-सातव्या शतकाच्या सुमारास सिंधमधल्या वाग्भटाच्या नावावर दोन ग्रंथ आहेत. 'अष्टांगसंग्रहा'च्या आरंभी बुद्धाला वंदन आहे आणि त्याच्या गुरूचे नाव अवलोकित. दुसरा 'अष्टांगहृदय'. त्यात जुलाबावर दाडिमाष्टक चूर्ण सांगितले आहे. डाळिंब मुख्य, सोबत दालचिनी, वेलदोडा, सुंठ-मिरे-पिंपळी, धने, जिरे, ओवा, साखर. सेन्दू ङापाचा हा थोरला भाऊच म्हणा. अकराव्या शतकाच्या सुमारास पश्चिम तिबेटातल्या गुगे राज्यातला भाषांतरकार रिन्छेन झाङपो (९५८ ते १०५५) याने जनार्दन नावाच्या भारतीय पंडिताच्या सोबतीने 'अष्टांगहृदय' तिबेटीत आणले. बाराव्या शतकात युथोक योन्तेन गोन्पो या वैद्याच्या नावाने 'ग्युद-शी' हा तिबेटी वैद्यकाचा मुख्य ग्रंथ तयार झाला. त्यात चिनी नाडीपरीक्षा आहे, तिबेटची स्वतःची झाडे आणि अनुभव आहे, आणि वाग्भटाचा भरपूर भाग आहे. याच वाग्भटावर तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री इथे टीका लिहीत होता. एकच पुस्तक देवगिरीत आणि ल्हासात, एकाच वेळी. तिबेटी चित्रांत भैषज्यगुरू बुद्धाच्या हातात जी डहाळी दिसते ती हिरड्याची.

नालंदा बाराव्या शतकाच्या अखेरीस उद्ध्वस्त झाली. इकडे लेणी ओस पडली, पांडवांची झाली. तिकडे ग्रंथ राहिले. ल्हासाजवळच्या टेकडीवर १६९६ मध्ये चाकपोरी वैद्यक विद्यालय निघाले, १९१६ मध्ये ल्हासात मेन-त्सी-खाङ ही दुसरी संस्था. १९५९ मध्ये चाकपोरी उद्ध्वस्त झाले आणि दलाई लामांबरोबर हजारो तिबेटी भारतात आले. १९६१ मध्ये धरमशाळेत मेन-त्सी-खाङ पुन्हा सुरू झाली. आपल्या महाराष्ट्रातही १९७२ मध्ये, आता गोंदिया जिल्ह्यात असलेल्या अर्जुनी मोरगाव भागात, नॉर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत वसली. हजारेक वर्षांपूर्वी जी विद्या बर्फ तुडवत गेली ती निर्वासित होऊन परत आली असे म्हणायला हरकत नाही. २०१० मध्ये भारत सरकारने कायद्यात दुरुस्ती करून सोवा-रिग्पा या नावाने तिला मान्यता दिली आणि २०१९ मध्ये लेहला तिची राष्ट्रीय संस्था मंजूर झाली.

आता थोडे आमच्या पोटाविषयी. तिसऱ्या पाळीला रात्रभर साच्यावर उभे राहायचे, पहाटे गार झालेला डबा खायचा, दिवसा पत्र्याखाली झोपायचे. अशा माणसाचा अग्नी मंद होणार नाही तर काय? त्याला पिंपळीची गोळी दिली तर तात्पुरते बरे वाटेल, पण मूळ दुखणे पाळीत आहे. म्हणून कामगाराच्या औषधाचा प्रश्न पुडीने सुटत नाही, निधीने सुटतो. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात, १९४३ मध्ये, प्रा. बी. पी. आडारकरांकडे कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना सोपवली गेली, १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला आणि १९४८ मध्ये कामगार राज्य विमा कायदा झाला. पगारातून थोडे, मालकाकडून थोडे, आणि त्यातून आजाऱ्याचे औषध. विष्णुदत्तेच्या ठेवीपेक्षा रीत वेगळी आहे, पण आम्हाला त्या दोन्हींची जात एकच वाटते.

जाता जाता पथ्याचे. शौचावाटे रक्त जात असेल, वजन उतरत असेल, ओकारी थांबत नसेल, कावीळ असेल, तर गोळ्या-चूर्णे बाजूला ठेवून दवाखाना गाठा. पिंपळी-मिऱ्यातले तिखट द्रव्य दुसऱ्या काही औषधांचे शोषण वाढवते, म्हणून नियमित गोळ्या चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही चूर्णे रोज घेऊ नयेत. घुटीचे कौतुक आम्ही वर केले, पण सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधाशिवाय काही देऊ नये असे आजचे वैद्यकशास्त्र सांगते, ते ऐकावे. जुलाबाला मीठ-साखरेचे पाणी. कुणी 'अस्सल तिबेटी' म्हणून शंभराची पुडी हजाराला देत असेल, तर काष्ठौषधींच्या दुकानात जाऊन अनारदाणा, दालचिनी, वेलदोडा आणि पिंपळीचा भाव आधी विचारून यावे.

आणि लेण्यांवर जाल तेव्हा दहाव्या लेण्याच्या अंगणात उभे राहून डाव्या हाताची भिंत बघा. अक्षरे पुसट आहेत. उन्हे तिरपी असताना, सकाळी किंवा संध्याकाळी, ती जरा उठून दिसतात. मुलांना विष्णुदत्तेचे नाव सांगा, आणि तेल्यांचे, कुंभारांचे, पाण्याची यंत्रे करणाऱ्यांचेही.